वाचकांचे प्रश्न : भुकेसाठीच पैसा का अपुरा पडतो?

प्रश्न : मी सातारा तालुक्यातला निवृत्त सुभेदार आहे. आमच्या घरातल्या तीन पिढ्या फौजेत गेल्या. आपल्या मागच्या अंकात जगाचा लष्करी खर्च आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतनिधीतील तूट यांचे आकडे शेजारी शेजारी छापले होते. ते वाचून नातीने विचारले, ‘आजोबा, बंदुका थोड्या कमी घेतल्या तर ही मुले जेवतील ना?’ मला नीट उत्तर देता आले नाही. या दोन खर्चांचा खरोखरच इतका थेट संबंध आहे का?

उत्तर : सुभेदारसाहेब, आधी आकडे पुन्हा एकदा पाहू. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संस्थेच्या हिशेबानुसार २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलर होता, म्हणजे दररोज सात अब्जांहून अधिक. २०२५ या संपूर्ण वर्षासाठी जगभरातल्या युद्धग्रस्त, दुष्काळग्रस्त आणि निर्वासित माणसांकरिता संयुक्त राष्ट्रांनी ४७.४ अब्ज डॉलर मागितले होते. लष्करी खर्चाच्या मापाने ही रक्कम एका आठवड्याचीही होत नाही. वर्ष संपत आले तेव्हा हाती आले होते जेमतेम बारा अब्ज. मधल्या काळात, जून महिन्यात, मागणीच २९ अब्जांवर आणून केवळ ११ कोटी ४० लाख लोकांचा विचार करायचे ठरवावे लागले. गरज घटली नव्हती, यादीतली नावे खोडली गेली होती.

तरीही नातीला ‘हो, बंदुकांमुळेच’ असे सांगू नका. संबंध कधी कधी थेट असतो, हे खरे. ब्रिटनने फेब्रुवारी २०२५ मध्ये परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले आणि ती बचत संरक्षणाकडे वळवणार असल्याचे उघडपणे सांगितले. श्रीमंत देशांनी ०.७ टक्के द्यावे, हा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ठराव १९७० चा आहे आणि तो पाळणारे देश आजही बोटांवर मोजता येतात. पण उद्या लष्करी खर्च खरोखर कमी झाला, तरी वाचलेला पैसा भुकेल्यांकडे जाईल अशी व्यवस्था कुठेही नाही, आणि माझ्या मते दुखणे नेमके तिथे आहे.

तुमची पेन्शन दरमहा ठरल्या दिवशी खात्यावर जमा होते, कारण ती अर्थसंकल्पातली तरतूद आहे आणि तुमचा हक्क आहे. ती कुणाच्या मर्जीवर सोडली असती तर घर कसे चालले असते, याची कल्पना करून पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा खर्चसुद्धा सदस्य राष्ट्रांना वाटून दिलेला असतो. काही देश थकबाकी ठेवतात, पण निदान ती थकबाकी म्हणून नोंदली तरी जाते. भुकेल्याच्या ताटासाठी मात्र दरवर्षी नव्याने आवाहन करायचे, आणि ज्याला वाटेल त्याने वाटेल तेवढे द्यायचे. त्यातही बराचसा भार मोजक्या देशांवर. त्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा सुदानमधली, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी चालवलेली शेकडो सामुदायिक स्वयंपाकघरे काही दिवसांतच बंद पडली. तिथल्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचे त्याआधीच, ऑगस्ट २०२४ मध्ये, जाहीर झाले होते.

यावरचा उपाय आपल्याच भागातल्या माणसाने दाखवून ठेवला आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला, तासगाव तालुक्यात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग सुरू केला. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्लेली माणसे तुमच्या गावात आजही भेटतील. परक्यांच्या धान्यावर आपलीही एक पिढी जगली आहे, हे नातीला जरूर सांगा. त्या अनुभवातून विसापूरचा प्रयोग राज्याची योजना झाला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि त्याआधीच, १९७५ मध्ये, त्यासाठी व्यवसाय कर बसवला गेला. नोकरदाराच्या पगारपत्रकावर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात, तोच हा कर. त्यातून जेवढे जमेल तेवढीच भर सरकारनेही घालायची, असे ठरले. अंमलबजावणीत उणिवा पुष्कळ राहिल्या, मजुरी वेळेवर न मिळाल्याच्या तक्रारी मी स्वतः ऐकल्या आहेत. पण दुष्काळी मजुराला दान मागावे लागू नये आणि त्याच्या हक्कामागे ठरलेला पैसा असावा, हे तत्त्व कायद्यात आले. जागतिक पातळीवरही असे घडू शकते. फ्रान्सने २००६ मध्ये विमान तिकिटांवर छोटा कर लावला आणि तो पैसा ‘युनिटएड’ या संस्थेमार्फत एड्स, क्षयरोग आणि मलेरियाच्या औषधांसाठी दिला. भुकेसाठीही असा कर लावता येईल.

प्रश्न : मी विट्याची शिक्षिका आहे. अशी मदत मधल्या मध्येच खाल्ली जाते, असे आमच्या शिक्षक-कक्षात सगळेच म्हणतात. मग तूट भरून काढून उपयोग काय?

उत्तर : बाई, ही शंका निराधार नाही. २०२३ मध्ये इथिओपियात मदतीचे धान्य बाजारात विकले जात असल्याचे उघड झाले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने वाटप थांबवले आणि याद्या व वाटपाची पद्धत बदलून काही महिन्यांनी पुन्हा सुरू केले. पण त्या महिन्यांत चोरांचे फारसे बिघडले नाही, उपास रांगेतल्या माणसांना घडला. गळकी पाइपलाइन दुरुस्त करतात, धरणाचे दार कायमचे बंद करत नाहीत.

पोहोचलेल्या मदतीचे मोल पाहायचे असेल तर एक साधी गोष्ट सांगतो. आपल्या अंगणवाडीत मुलाच्या दंडाचा घेर मोजण्याची रंगीत पट्टी असते, तशीच पट्टी सुदानच्या छावणीतही असते. पाच वर्षांखालच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की पट्टी लाल दाखवते. अशा मुलाला ९२ ग्रॅमचे एक पाकीट देतात. त्यात आपल्या ओळखीचे शेंगदाणे असतात, बारीक वाटून दूधभुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वांसह कालवलेले. शिजवायला नको, पाणी घालायला नको. कोपरा फाडला की मूल तसेच चोखून खाते आणि एका पाकिटातून त्याला पाचशे कॅलरी मिळतात. दररोज दोन-तीन पाकिटे, सहा ते आठ आठवडे, आणि बहुतेक मुले सावरतात. ही पाकिटे काही महिने आधी मागवावी लागतात, त्यामुळे देणगीचा निर्णय आज लांबला तर काही महिन्यांनी केंद्राचे कपाट रिकामे असते, आणि पट्टी लाल दाखवत असतानाही आईला पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगावे लागते.