नॅसकारच्या (अमेरिकेतल्या स्टॉक कार, म्हणजे शोरूमसारख्या गाड्यांच्या रेस) सुरुवातीच्या काळातला सर्वात भारी ड्रायव्हर कोण? आणि ते सगळे खरंच चोरटी दारू पोचवणारे होते का?

सगळे नव्हते, आणि सर्वात भारी कोण हा प्रश्नच मला पटत नाही. झालं उत्तर. पुढचं वाचायचं तर वाचा, कारण याच विषयावरून माझं आणि बायकोच्या मोठ्या भावाचं कित्येक वर्षं वाजतंय आणि तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत.

मी नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहतो, तेच कॅरी जिथे शनिवारी देशी किराणा दुकानात निम्मं हिंजवडी भेटतं. इथून पाऊण तासावर हिल्सबरोला ऑकनीची स्पीडवे आहे. म्हणजे होता. 0.9 मैलांचा मातीचा ट्रॅक, 1949 साली नॅसकारची मुख्य सिरीज सुरू झाली त्या पहिल्याच सीझनला इथे रेस झाली, आणि 1968 ची शेवटची रेस रिचर्ड पेटीने जिंकली. नंतर बंद पडला तो पडलाच. आता ट्रॅकवर जंगल उगवलंय, झाडांमध्ये प्रेक्षकांच्या सिमेंटच्या पायऱ्या तशाच आहेत आणि लोक तिथे कुत्री फिरवतात.

तर आमचे दादा (बायकोचा भाऊ, सगळेच दादा म्हणतो) कोथरूडला बसून आयर्टन सेनाच्या जमान्यापासून फॉर्म्युला वन बघतायत. नॅसकार म्हटलं की त्यांचं ठरलेलं, "अरे नुसते गोल गोल फिरतात, यापेक्षा आपल्या जत्रेतला मौत का कुआँ बरा." आणि दुसरं म्हणजे ते विकिपीडियावरची जिंकलेल्या रेसची यादी पाठवतात, पेटी 200, अमका इतक्या, तमका तितक्या, म्हणजे भारी कोण हा विषय संपला. ते इकडे आले तेव्हा मी मुद्दाम ऑकनीचीला घेऊन गेलो. त्या दिवशी कोणीतरी दोन-तीन जुन्या गाड्या आणून लावल्या होत्या, आणि पायऱ्यांपाशी फोल्डिंगच्या खुर्चीत एक आजी बसलेल्या, ऐंशीच्या पुढच्या, मांडीवर कॉफीचा थर्मास. बोलणं निघालं तर कळलं त्यांचा दीर इथे गाडी चालवायचा. दादांनी लगेच विचारलं, तुम्ही पाहिलेला सर्वात फास्ट ड्रायव्हर कोण?

आजी म्हणाल्या, "मी रेस कधी पाहिलीच नाही. मी घड्याळ बघायचे आणि आमची गाडी बघायचे."

त्या स्कोअरर होत्या. आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, त्या काळी गाडीत चिप वगैरे काही नव्हतं, प्रत्येक गाडीमागे एक माणूस लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) मोजायला बसायचा आणि तो माणूस बहुतेक वेळा टीमनेच आणायचा, म्हणून मग बायको, बहीण, वहिनी जी मोकळी असेल ती. हातात कार्ड, समोर मोठं घड्याळ. आपली गाडी समोरून गेली की घड्याळातली वेळ कार्डावरच्या पुढच्या चौकटीत लिहायची, शंभर-दीडशे लॅप असेच, मान वर करून दुसरीकडे बघायचं नाही. आजी सांगत होत्या की रेस अर्ध्यावर आली की सगळ्या गाड्या लाल मातीने एकाच रंगाच्या व्हायच्या, नंबर दिसायचाच नाही, मग त्या इंजिनाच्या आवाजावरून ओळखायच्या किंवा बंपर कुठल्या बाजूला चेपलाय त्यावरून. बाथरूमला जायचं तर पेन्सिल शेजारणीच्या हातात द्यायची, आणि शेजारीण म्हणजे प्रतिस्पर्ध्याची बायको! एकदा त्यांच्या दिराची एक लॅप कमी धरली गेली तर या अंधार पडेपर्यंत कार्ड हातात घेऊन ऑफिसच्या दारात उभ्या, शेवटी सातव्याचा पाचवा नंबर करून घेतला. बक्षिसातला फरक किती? "एका टायरचे पैसे," म्हणाल्या. "टायर लागणारच होता."

दादा गप्प. मी गाडीत बसल्यावर एवढंच म्हणालो की तुम्ही मला जी यादी पाठवता ना, ती अशी झालीये, पेन्सिलने.

आणि हे नुसतं गमतीचं नाहीये. 1959 च्या पहिल्या डेटोना 500 मध्ये (ही नॅसकारची सर्वात मोठी रेस) आधी जॉनी बोशॅम्पला विजेता जाहीर केलं, मग फोटो आणि न्यूजरीलची फिल्म गोळा करून तीन दिवसांनी ली पेटीला, म्हणजे रिचर्डच्या बापाला. ते तरी ठीक, दोघं खरंच चिकटून आले होते. पण वेंडेल स्कॉटचं बघा. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा काळा माणूस, आधी टॅक्सी चालवली, हातभट्टीचा माल पोचवला, स्वतःच ड्रायव्हर आणि स्वतःच मेकॅनिक, गाड्या दुसऱ्यांच्या जुन्या झालेल्या, पिटमध्ये (रेस चालू असताना टायर बदलायची, पेट्रोल भरायची जागा) स्वतःची पोरं. 1 डिसेंबर 1963 ला फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला हा पहिला आला आणि जिंकल्याचा झेंडा याच्यासाठी पडलाच नाही. बक बेकरला विजेता केलं, ट्रॉफी बेकर घेऊन गेला, आणि काही तासांनी, लोक घरी गेल्यावर, सांगितलं की मोजणीत चूक झाली, स्कॉट जिंकला. जिंकला म्हणजे साधासुधा नाही, दोन लॅप पुढे होता. दोन लॅपची चूक मातीमुळे होत नाही, ती का होते हे तुम्हालाही कळतं, मलाही कळतं, 1963 सालचा अमेरिकेचा दक्षिण भाग होता तो, वर्णभेदाचा. ट्रॉफी न मिळताच स्कॉट 1990 ला वारला. नॅसकारने घरच्यांना ती दिली 2021 मध्ये. दादांच्या यादीत स्कॉटच्या पुढे 1 लिहिलंय, बस्स.

आता तुमचा दारूचा प्रश्न. ज्युनियर जॉन्सन खराखुरा त्यातला, 1956 ला बापाच्या भट्टीवर पकडला गेला, तुरुंगात जाऊन आला, तीस वर्षांनी रेगनने माफी दिली. पण पहिला चॅम्पियन रेड बायरन हा काही दारूवाला नव्हता, युद्धात विमानावर होता, पाय निकामी झालेला, क्लचच्या पॅडलला बूट अडकवायची सोय करून घेतलेली, तसा 1949 चं चॅम्पियनशिप जिंकला. ली पेटीही नाही. खरी गोष्ट अशी की दारू ड्रायव्हरपेक्षा गाडीत आणि पैशात जास्त होती. बायरनची गाडी कोणाची? रेमंड पार्क्सची. जॉर्जियाच्या डोंगरातला, हातभट्टीवर पैसा केलेला आणि तुरुंगही पाहिलेला माणूस, पण रेसच्या गाड्या अशा चकाचक आणायचा की बाकीचे बघत राहायचे. त्याचाच नातेवाईक लॉइड सी, त्या काळातला पोरगा, 1941 ला अटलांटात रेस जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी भट्टीच्या साखरेच्या हिशेबावरून चुलतभावाने गोळी घातली. आणि गाडी बांधली कोणी? रेड व्होटने. अटलांटातला हा गॅरेजवाला पोलिसांपासून पळणाऱ्यांच्याही गाड्या बनवायचा. डिसेंबर 1947 ला डेटोनाच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात जी मीटिंग झाली तिथे नॅसकार हे नाव सुचवलं ते यानेच. नाव याचं, कंपनी नॅसकारचा संस्थापक बिल फ्रान्स याच्या घराण्याची. फ्रान्स हुकूमशहा होता, माझं स्पष्ट मत आहे, पण तो नसता तर हे सगळं दोन वर्षांत भांडून संपलं असतं हेही तितकंच खरं.

जून 1949, शार्लट, मुख्य सिरीजची अगदी पहिली रेस. ग्लेन डनअवे पहिला आला आणि बाद झाला. कारण? गाडीचे मागचे पाटे. दारूने डिकी भरली की गाडी मागून बसते आणि पोलिसाला लांबून कळतं, म्हणून पाटे कडक करून घेतलेले असायचे, आणि तेच पाटे वळणावर गाडी सरळ धरतात. स्टॉक गाडी म्हणजे शोरूमसारखी हवी, म्हणून जिंकला कॅन्ससचा जिम रोपर, लिंकन घेऊन आलेला. डनअवेचा गाडीमालक कोर्टात गेला, हरला. म्हणजे बघा, पहिल्याच रेसचा निकाल ड्रायव्हरने नाही लावला, तपासणीवाल्याने आणि गाडीखाली झोपून काम केलेल्या कुठल्यातरी मिस्त्रीने लावला. दादांना मी एकदा विचारलं होतं, तुमच्या सेनाचा मेकॅनिक कोण? म्हणाले मॅक्लारेन. मॅक्लारेन ही टीम झाली, मेकॅनिक नव्हे हो!

तरी ड्रायव्हरचं नाव हवंच असेल तर माझ्याकडून कर्टिस टर्नर घ्या मातीवर, आणि फायरबॉल रॉबर्ट्स. पण त्यांच्याबद्दल सगळेच लिहितात. तुम्ही वुड ब्रदर्सबद्दल वाचा, ग्लेन आणि लेनर्ड, व्हर्जिनियातल्या स्टुअर्ट गावचे. आधी पिटमध्ये गाडी आली की आरामात काम चालायचं, या भावांनी बसून विचार केला की वेळ ट्रॅकवरच वाचवायला पाहिजे असं कुठे आहे, जॅकपासून नटबोल्टपर्यंत सगळं घासूनपुसून हलकं केलं, कोणी कुठे धावायचं ते बसवलं. 1965 ला इंडियानापोलिस 500 मध्ये जिम क्लार्कच्या लोटसच्या पिटला हेच गावठी भाऊ होते, आणि क्लार्क जिंकला. क्लार्क म्हणजे फॉर्म्युला वनवाल्यांचा देव. हे दादांना फॉरवर्ड केलंय, निळी टिक आली, उत्तर नाही.

आणि हो, ड्रायव्हर बिनकामाचे होते असं मी म्हणत नाहीये, उगाच कमेंटमध्ये भांडू नका. 1964 या एका वर्षात ड्रायव्हर जो वेदरली आणि फायरबॉल रॉबर्ट्स दोघेही गेले, जीव बहुतेक वेळा त्यांचाच जायचा, मिस्त्रीचा क्वचित. आजींच्या आठवणीही साठ वर्षांपूर्वीच्या आहेत, त्यांच्या दिराचा पाचवा नंबर कदाचित सहावा असेल. त्या काळचा मेकॅनिक स्मोकी युनिक याच्याबद्दल इंटरनेटवर जे किस्से फिरतात, पेट्रोलची टाकी काढून घेतली तरी गाडी चालवत घेऊन गेला वगैरे, ते मात्र पूर्ण खरे धरू नका.

इकडे आलात तर ऑकनीची बघा, तिकीट नाही, ट्रॅकवरून पूर्ण फेरी चालता येते, शेजारून ईनो नदी वाहते. फक्त उन्हाळ्यात फुल पँट घाला, गवतात गोचीड असतात. दादा हाफ पँटवर आले होते, सांगून ऐकलं नाही, विमानात बसेपर्यंत पोटऱ्या खाजवत होते.