मनोरुग्णालयातच काम करायचंय, बाबा नाही म्हणतात

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सायकियाट्रीच्या पोस्टिंगमध्ये पाहिलं, की स्किझोफ्रेनियाचे (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचे) पुरुष पेशंट सावरले की कोणीतरी न्यायला येतं. स्त्री वॉर्डात मात्र बऱ्या झालेल्या बायका वर्षानुवर्षं तिथेच. मला यावरच काम करायचंय. बाबा म्हणतात, ‘वेड्यांच्या दवाखान्यात जन्म काढणार का? सरकारी भरतीची परीक्षा दे.’

उत्तर : परीक्षा दे. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही मनोरुग्णालयं सरकारीच आहेत, त्यामुळे बाबांचा हट्ट आणि तुझी इच्छा यांत तसं भांडण नाही.

तुझं निरीक्षण खरं आहे. स्किझोफ्रेनिया पुरुषांत बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो, बायकांत सरासरी तीन ते पाच वर्षं उशिरा. काहींना तर पंचेचाळिशीनंतर. म्हणजे मुलगा आजारी पडतो तेव्हा आईजवळ असतो, बाई बहुतेकदा सासरी. डिस्चार्जच्या वेळी सासर माहेराकडे बोट दाखवतं, माहेर सासरकडे. घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणावरून कुणाला संस्थेत ठेवता येणार नाही, असं २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. पण कायदा दिराला फोन करत नाही. तो कुणीतरी करावा लागतो, पुन्हापुन्हा.

औषधांतही फरक आहे, आणि तिथे नर्सच उपयोगी पडते. रिस्पेरिडोन या औषधाने प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढून पाळी थांबू शकते. बाई म्हणते, ‘मला दिवस गेलेत’, आणि फाइलमध्ये भ्रम वाढल्याची नोंद होते! पाळीची तारीख कुणी विचारलेलीच नसते. पुरुष वॉर्डात विडीचं बघावं लागतं : धुरामुळे ओलान्झापिन, क्लोझापिन ही याच आजारावरची औषधं शरीरात लवकर संपतात. वॉर्डात विडी बंद असताना बसवलेला डोस घरी विडी सुरू झाली की अपुरा पडतो.

बाळंतपणानंतरचा सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) हा आणखी एक विषय. हजार बाळंतपणांमागे एक-दोघींना होतो. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २००९पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवणारा वॉर्ड आहे. तीन वर्षांखालचं मूल शक्यतो आईपासून तोडू नये, हेही त्याच कायद्यात आहे. असे वॉर्ड आपल्याकडे फार थोडे, म्हणून हे काम शिकलेल्या नर्सला मी तरी मोलाची मानतो.

पदवीनंतर वर्षभर वॉर्डात काम कर, मग मानसिक आरोग्य विषयात दोन वर्षांचं एम.एस्सी. नर्सिंग. निम्हान्सचा अर्ज जरूर भर. घरभेटी, नातेवाइकांशी बोलणी यांतच जीव रमत असेल तर समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी; मुंबईत टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था. तुझ्यासाठी माझं मत नर्सिंगलाच. रात्रपाळीला पेशंट जे बोलते ते समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलासमोर बोलत नाही. शिवाय चार वर्षांची पदवी कशाला बाजूला टाकायची?

पोस्टिंग अजून चालू असेल तर केस स्टडीसाठी स्त्री वॉर्डातली जुनी पेशंट घे. तिच्या घरी शेवटचा फोन कधी गेला आणि कोणी केला, हे फाइलमध्ये आधी शोध.