पानावर आधी काय येतं

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. माध्यमांच्या प्रत्येक सिद्धान्ताचं नाव, साल आणि आकृती पाठ होते, पण वर्तमानपत्र हातात घेतलं की त्यातलं काहीच उपयोगी पडत नाही, असं तू लिहिलंस. यात तुझी चूक नाही. सिद्धान्त आकृतीत बसवताना तो ज्या प्रश्नाचं उत्तर होता, तो प्रश्नच गळून पडतो. म्हणून एक सवय लावून घे. माध्यमाचा इतिहास वाच नाहीतर सिद्धान्त, आधी विचार: याचे पैसे कोण भरत होतं?

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. वर्तमानपत्राच्या संपादकीय डेस्कवर रुजू झालो त्या पहिल्या संध्याकाळी माझ्यापुढे पानाची डमी आली. कागदावर पेन्सिलीनं आखलेले चौकोन होते. मला वाटलं, बातम्यांच्या जागा आखून दिल्यात. जवळून पाहिलं तर प्रत्येक चौकोनात जाहिरातदाराचं नाव आणि आकार. बातमीची एक ओळ लागलेली नव्हती, तरी पान निम्मं भरलं होतं. जे उरलं ते आमचं. रात्री उशिरा एखादी जाहिरात वाढली की लावलेली बातमी उतरवायची. बातमी मोठी म्हणून जाहिरात उतरल्याचे प्रसंग मला बोटांवर मोजता येतील.

पुढे बऱ्याच वर्षांनी डॅलस स्माइथ या कॅनडातल्या अभ्यासकाचा १९७७ सालचा लेख वाचला. जाहिरातीवर चालणारी माध्यमं खरं तर वाचक-प्रेक्षकच जाहिरातदाराला विकतात, बातम्या आणि कार्यक्रम हे त्यांना गोळा करण्याचं आमिष, असं त्यात मांडलंय. लेख अवघड आहे. तरी मला पटकन कळला, कारण ती डमी डोळ्यांसमोर होती.

हाच प्रश्न घेऊन मागे जा. १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे यांनी 'सन' हे दैनिक एका सेंटला विकायला काढलं. बाकीची दैनिकं सहा सेंटांना मिळत, त्यांचे वाचक मुख्यतः व्यापारी आणि राजकारणी. एका सेंटात खर्च निघणं कठीणच होतं, मुख्य भिस्त होती जाहिरातींवर. मग खप हवा, खपासाठी सामान्य माणूस हवा, आणि त्याला रस वाटेल असं पानावर हवं. म्हणून पोलीस कोर्टातल्या हकिकती आल्या. ज्यांच्या जगण्याची आजवर दखल नव्हती अशा माणसांच्या बातम्या छापून येऊ लागल्या, ही फार मोठी गोष्ट होती. आणि त्याच दैनिकानं १८३५ साली चंद्रावर पंखवाली माणसं दिसल्याची लेखमाला खरी म्हणून छापली, हेही त्याच हिशेबाचं फळ. दोन्ही एकाच मुळातून आलं, हे लक्षात ठेव. खोटी बातमी मोबाइलबरोबर जन्माला आली असं कुणी म्हणालं तर त्याला हे साल सांग.

रेडिओचं उदाहरण मला याहून आवडतं, कारण तिथं यंत्र एकच आहे आणि साल एकच, १९२२. अमेरिकेत टेलिफोनचा धंदा करणाऱ्या एटी अँड टी कंपनीनं डब्ल्यूईएएफ हे केंद्र काढलं. लांबच्या फोनचे जसे पैसे मोजायचे, तसे पैसे मोजून कुणीही वेळ विकत घ्यावी आणि बोलावं, ही कल्पना. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका घरबांधणी कंपनीनं ती वेळ घेऊन आपल्या सदनिकांची भलामण केली. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी बीबीसी सुरू झाली आणि श्रोत्यांनी वर्षाला दहा शिलिंग भरून परवाना घ्यायचा असं ठरलं. एकीकडे बोलणारा पैसे भरतो, दुसरीकडे ऐकणारा. त्यातून दोन वेगळे उद्योग उभे राहिले, आणि कार्यक्रम चांगला म्हणजे काय याच्या दोन कल्पनाही. 'तंत्रज्ञानामुळे माध्यमं बदलली' असं वाक्य परीक्षेत लिहायचा मोह होईल. नको लिहूस. तंत्र दोन्हीकडे तेच होतं.

सिद्धान्तांचंही असंच. १९३८च्या ऑक्टोबरमध्ये ऑर्सन वेल्स या नट-दिग्दर्शकानं मंगळवासीयांच्या हल्ल्याचं नभोनाट्य सादर केलं आणि अमेरिकाभर घबराट पसरली, ही गोष्ट तू वाचली असशीलच. माध्यमांचा संदेश बंदुकीच्या गोळीसारखा थेट घुसतो, याचा पुरावा म्हणून ती अजून सांगतात. काही लोक खरोखर घाबरले होते. पण त्याच रात्री फोनवरून झालेल्या श्रोतृगणनेत हा कार्यक्रम ऐकत असल्याचं फक्त दोन टक्के लोकांनी सांगितलं. मग देशभर घबराट कुठून आली? दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून. रेडिओ त्या काळी वर्तमानपत्रांच्या जाहिराती ओढून नेत होता, आणि रेडिओ किती बेजबाबदार आहे हे दाखवायची आयती संधी त्यांना मिळाली होती, असं अलीकडच्या माध्यम-इतिहासकारांचं म्हणणं आहे. मला ते पटतं.

आता, पैसे कोण भरतं हे कळलं की सगळं कळलं, असं मात्र समजू नकोस. इथेच पुष्कळ हुशार मुलं अडकतात. प्रत्येक बातमीमागे मालकाचा हात दिसू लागला की पुढे वाचायची गरजच वाटेनाशी होते. त्यावर उतारा म्हणून डेव्हिड मॅनिंग व्हाइट या अमेरिकी अभ्यासकाचा १९५० सालचा छोटा निबंध मुळातून वाच, आकृतीतून नव्हे. अमेरिकेतल्या एका मध्यम शहराच्या दैनिकात वृत्तसंस्थांकडून तारेनं येणाऱ्या बातम्या निवडणारा एक संपादक होता. व्हाइट यांनी त्याला 'मिस्टर गेट्स' असं टोपणनाव दिलं, कारण कुठली बातमी आत घ्यायची हे ठरवणारा, दाराशी बसलेला माणूस तोच. १९४९च्या फेब्रुवारीत आठवडाभर त्यानं एक काम केलं. टाकून दिलेली प्रत्येक बातमी जपून ठेवली आणि पाळी संपल्यावर बसून प्रत्येक कागदावर लिहिलं की ही का नाही घेतली.

आलेल्या मजकुरापैकी सुमारे एक दशांशच छापला गेला होता. नऊ भाग मजकूर वाचकाला कधी कळलाच नाही. आणि कारणं? बरीचशी साधी. जागा नव्हती. उशिरा आली. पण काही ठिकाणी कंटाळवाणी, भडक, हा निव्वळ प्रचार, असे शेरे होते, आणि ते त्या एका माणसाच्या आवडीनिवडीतून आलेले होते. त्या शेऱ्यांत मालकाचा फोन कुठे दिसत नाही. जाहिरातदारही दिसत नाही. मी हा निबंध वाचला तेव्हा अस्वस्थ झालो. 'जागा नाही' म्हणून मी किती बातम्या बाजूला सारल्या आणि त्यातल्या कितींच्या बाबतीत जागा होती, हे मला आठवू लागलं. त्याच पानावर मी दुसरी, मला आवडलेली बातमी ऐसपैस लावली होती.

मॅक्सवेल मकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या अभ्यासकांनी १९६८ साली अमेरिकेतल्या चॅपल हिल गावातल्या शंभर मतदारांना विचारलं आणि त्यावरून पुढे विषयपत्रिकेचा सिद्धान्त मांडला, तो याच्या शेजारी ठेवून वाच. माध्यमं ज्या प्रश्नांना जास्त जागा देत होती, तेच मतदारांना महत्त्वाचे वाटत होते. दाराशी बसलेला माणूस आणि मतदाराचं मन, यांतला दुवा तिथं दिसतो.

आज त्या दाराशी बरंचसं काम गणिती यंत्रणा, म्हणजे अल्गोरिदम, करते. गूगल आणि मेटा यांचं बहुतेक उत्पन्न जाहिरातींचंच आहे, म्हणजे डमी तीच आहे. फरक एवढाच की टाकून दिलेल्या मजकुराच्या मागे कारण लिहिलेला कागद आता आपल्याला मिळत नाही. मला या बदलाची सगळ्यात जास्त काळजी वाटते, आणि तुझ्या पिढीनं तो कागद मागावा असं फार वाटतं.

तोवर एक काम कर. आठवडाभर एक वही जवळ ठेव. फोनवर जी बातमी न उघडता तू पुढे सरकवशील, तिचा मथळा लिही आणि शेजारी कारण लिही. रोज वीस पुरेत. 'वेळ नव्हता' असं लिहिलंस तर त्याच वेळेत काय पाहिलं तेही लिही. खाडाखोड करू नकोस. आठवडा झाला की वही मला पाठव, मी माझी काढून ठेवतो.

तुझा,
काका