मशीनवर पाऊल लाल दिसलं, म्हणून इनसोल घ्यायलाच हवेत का?

बुटात घालायच्या ऑर्थोटिक्सबद्दल, म्हणजे पावलाला आधार देणाऱ्या इनसोलबद्दल, विचारायला येणाऱ्यांच्या मनात साधारण दोन भीती असतात. घेतले नाहीत तर पाय कायमचे बिघडतील, ही एक. आणि घेतले तर त्यांची सवय लागून ते आयुष्यभर सुटणार नाहीत, ही दुसरी. पंचेचाळिशीच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या, त्या दोन्ही घेऊन.

त्यांची उजवी टाच काही महिन्यांपासून दुखत होती. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली पावलं टाकवत नसत, थोडं चाललं की बरं वाटे आणि दिवसभर वर्गात उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा ठणका लागे. एका दुकानात त्यांना मशीनवर उभं केलं गेलं. पडद्यावर तळव्याचा बराचसा भाग लाल दिसला. “तुमचे पाय सपाट आहेत, मापाचे इनसोल करून घ्या,” असं सांगितलं गेलं. सोबतची चौदा वर्षांची मुलगी सहज त्या मशीनवर चढली, तर तिचाही तळवा लाल. झालं, घरी येईपर्यंत बाईंच्या डोक्यात दोन रुग्ण तयार होते.

“मॅडम, हिचं तरी वेळेत करायला हवं ना?” त्यांनी विचारलं.

मी आधी मुलीलाच उभं केलं. दुखतं का? नाही. खेळताना थकतेस का, पाय मुरगळतो का? नाही. चवड्यांवर उभी राहा म्हटलं, तर तळव्याची कमान छान वर आली आणि टाच आतल्या बाजूला वळली. असं पाऊल सपाट असलं तरी लवचीक असतं. न दुखणाऱ्या लवचीक सपाट पावलाला काहीही घालायची गरज नसते. लहानपणी तर जवळपास सगळ्यांचेच पाय सपाट असतात, कमान हळूहळू दहाएक वर्षांपर्यंत घडते. पुढेही कित्येक जण सपाट पायांनीच जन्मभर बिनतक्रार चालतात, धावतात. मशीन दाखवतं तो उभं असतानाचा दाब. दुखणं कशामुळे आहे, हे त्या चित्रातून कळत नाही.

आईचं निराळं होतं, कारण त्यांना दुखत होतं. टाचेच्या खाली, आतल्या बाजूला दाबल्याबरोबर त्या कळवळल्या. तळव्याच्या जाड पडद्याचं, प्लांटर फॅशियाचं, हे नेहमीचं दुखणं. एका पायावर टाच उचलायला सांगितली, ती त्यांना जमली. ही चाचणी मी कधीच सोडत नाही. टाच उचलताच येत नसेल, घोट्याच्या आतल्या बाजूला सूज असेल आणि एकच पाय हल्ली सपाट होत चालला असेल, तर कमान धरून ठेवणारा स्नायुबंध निकामी होत असू शकतो. तिथे आधार लवकर द्यावा लागतो, वाट पाहून चालत नाही.

मग मी त्यांचे बूट मागितले. ओल्या फडक्यासारखे पिळले जात होते, टाचेची मागची बाजू पार मऊ पडलेली. असल्या बुटात कितीही चांगला इनसोल घातला तरी तो हलत राहतो. आधी बूट बदलायचे ठरलं: टाचेशी घट्ट, बोटांपाशी मोकळे, फक्त चवड्याशी वाकणारे आणि आतला मूळ इनसोल निघणारे.

इनसोल घ्यायच्या आधी काही दिवस तळव्याला टेप लावून पाहिली. टेपने आराम पडला, तर आधाराचा उपयोग होण्याची शक्यता बरी असते. त्यांना पडला. तरीही मी तयार मिळणारे इनसोल सुचवले, मापाचे नाही. टाचदुखीवरच्या अभ्यासांत मापाने बनवलेले इनसोल तयार इनसोलपेक्षा फारसे सरस ठरलेले नाहीत, आणि दोन्हींचा फायदा तसा माफकच. संधिवाताने वेडीवाकडी झालेली पावलं, ताठर विकृती, मधुमेहाने बधिर झालेले तळवे यांची गोष्ट वेगळी, तिथे मापाचेच लागतात.

सवयीबद्दल मी त्यांना सरळ सांगितलं. इनसोल हाडांचा आकार बदलत नाही. पायाखाली असतो तोवर भार वाटून देतो, काढला की त्याचं काम संपतं. सोबत व्यायाम चालू असेल तर त्याला घाबरायचं कारण मला दिसत नाही. व्यायाम मात्र टाळायचा नाही. पोटरीचे ताण रोज, आणि दिवसाआड पायरीवर उभं राहून टाचा उचलायच्या: बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, वर जाताना 3 सेकंद, वर 2 सेकंद थांबायचं, खाली येताना 3 सेकंद.

इनसोल पहिल्या दिवशी तासभरच घालायचे, मग रोज थोडी वेळ वाढवायची. गुडघा किंवा कंबर नव्याने दुखू लागली, फोड आला, तर काढून ठेवायचे. आणि सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर पुढचा महागडा जोड न घेता पुन्हा तपासायला यायचं. रात्री झोपेतही दुखणं, मुंग्या, किंवा दोन्ही टाचांसोबत सकाळी पाठ आखडणं, यातलं काही असेल तर तेवढंही थांबायचं नाही.

त्यांचं दुखणं हळूहळू ओसरलं. ही टाचदुखी बहुतेकांची वर्षभरात जाते, पण तो काळ रोज उभं राहणाऱ्या माणसाला फार लांब वाटतो, आणि त्या काळात आधाराची मदत होते. पुढे त्या जास्त उभं राहायच्या दिवशीच इनसोल घालू लागल्या.

एकदा त्यांनी विचारलं, “आता रोज लागत नाहीत, तर सासऱ्यांना देऊ का? त्यांचेही तळवे जळजळतात.” सासऱ्यांना बऱ्याच वर्षांचा मधुमेह होता. मी ठाम नाही म्हटलं. संवेदना गेलेल्या तळव्याला इनसोलची कड टोचते तेव्हा कळत नाही, आणि जखम दिसते तेव्हा ती बरीच खोल गेलेली असते. त्या त्यांना घेऊन आल्या. 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा अंगठ्याखाली टेकवला, तर डोळे मिटलेल्या आजोबांना तो जाणवलाच नाही. मधुमेही पायांच्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. तिथे जाईपर्यंत अनवाणी फिरायचं नाही, बूट घालण्याआधी आत हात फिरवून पाहायचा आणि रोज रात्री तळवे कुणीतरी उजेडात तपासायचे, एवढं ठरलं. तपासायचं काम नातीने स्वतःकडे घेतलं.