प्रवासात ब्रशने दाढी: अडतं ते पाण्यापाशी आणि ओल्या ब्रशपाशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी ब्रश, ट्यूबमधलं क्रीम आणि दुधारी ब्लेडचा रेझर वापरता. आता नाशिकरोडहून आठ दिवस कोकण, येताना एक टप्पा विमानाचा, सोबत फक्त केबिन बॅग. मागच्या खेपेला लॉजवर फेस टिकत नव्हता, ब्रशला कुबट वास लागला. मग या वेळी सरळ फोमचा डबा घ्यावा का?

डबा नको. बॅगेत जागा खातो, आणि मुळातल्या दोन्ही अडचणी ब्रश-क्रीमच्या नाहीतच. फेस बसला पाण्यामुळे, वास आला ब्रश ओलाच कोंबल्यामुळे.

आधी पाणी. नाशिक शहरात नळाला येतं ते मुख्यतः गंगापूर धरणाचं, म्हणजे साठवलेलं पावसाचं पाणी. क्षार कमी, फेस पटकन धरतो. बोअरवेलचं पाणी तसं नसतं. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम क्रीममधल्या साबणाला धरतं आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. उरेल तेवढ्याच साबणाचा फेस. घरच्या अंदाजाने क्रीम घेतलं की फेस आधी छान दिसतो, अर्ध्या गालावर येईपर्यंत विरून जातो. शहरातच बोअर किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना हे सांगायला नको. कोकणात जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा हलकं असतं, पण अगदी किनाऱ्यालगत खारट लागू शकतं, आणि खाऱ्या पाण्यात फेस नीट धरत नाही.

लॉजवर पोचल्यावर तपासायला एक मिनिट पुरतं. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तिसरा हिस्सा नळाचं पाणी घ्या, तुरीच्या दाण्याएवढं क्रीम टाका आणि दहा-बारा वेळा जोरात हलवा. वर दाट फेस राहिला आणि खालचं पाणी थोडंसंच गढूळ असेल तर निर्धास्त राहा. फेस लगेच बसून खाली दह्यासारख्या कण्या दिसल्या तर पाणी जड आहे. मग दोन उपाय: क्रीम दीडपट घ्या, किंवा फेसापुरतं पिण्याचं बाटलीतलं पाणी वापरा. फेसाला लागतं जेमतेम पाव कप. तोंड धुवायला आणि रेझर विसळायला नळाचंच चालतं. पाणी उकळल्याने जडपणा काही अंशीच जातो, त्यामुळे गिझरच्या भरवशावर राहू नका.

आता ब्रश. प्रवासासाठी सिंथेटिक केसांचाच घ्या, गुच्छाचा व्यास २० ते २२ मिलिमीटर, दांडा आखूड. डुकराच्या किंवा बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश घरी कितीही लाडका असो, ते केस पाणी आत शोषून घेतात आणि नीट वाळायला दिवसभर, कधी त्याहून जास्त लावतात. सिंथेटिक धागा पाणी शोषत नाही, ते फक्त धाग्यांच्या मध्ये अडकलेलं असतं, म्हणून काही तासांत सुकतो. शिवाय डुकराच्या केसांसारखा तो आधी भिजवत ठेवावा लागत नाही. नाशिकच्या कोरड्या हवेत कुठलाही ब्रश खपून जातो. मालवण-वेंगुर्ल्याच्या दमट हवेत हाच फरक वासाच्या रूपाने कळतो.

दाढी झाल्यावर ब्रशच्या मुळाशी अंगठा दाबून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. आत राहिलेला साबणच पुढे कुजट वास धरतो. मग आठ-दहा वेळा झटका, कोरड्या टॉवेलवर रंगकाम करावं तसा फिरवा आणि पंख्याखाली ठेवा, बाथरूममध्ये नको. लॉज सोडायच्या दिवशी क्रम बदला: आधी दाढी, मग आंघोळ, चहा-नाश्ता, आणि ब्रश बॅगेत सगळ्यात शेवटी. त्यातही पहाटेची एसटी असेल तर आदल्या संध्याकाळीच दाढी उरकलेली बरी. ब्रश ठेवायला गोळ्यांची उभी प्लॅस्टिकची बाटली चालते, पण तिला तापलेल्या दाभणाने सहा-सात भोकं पाडा आणि केस वाकत नाहीत एवढी ती उंच हवी. वाकून राहिलेला गुच्छ पुन्हा सरळ बसत नाही. बाटली नसेल तर सुती रुमालात गुंडाळून बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. हवाबंद पिशवी मात्र चुकूनही नको. वास आधीच लागला असेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर, दहा भाग पाणी, त्यात पाच मिनिटं बुडवून ठेवा आणि शाम्पूच्या थेंबाने धुवून टाका. जड पाण्याचा साकाही त्याने सुटतो.

क्रीम एका वेळेला शेंगदाण्याएवढं, साधारण एक ग्रॅम. आठ दाढ्यांना दीडपट धरलं तरी १२ ग्रॅम. मोठी ट्यूब नेण्यात अर्थ नाही. लहान ट्यूब किंवा घट्ट फिरकीच्या झाकणाची छोटी डबी पुरे. अर्धी संपलेली ट्यूब नेत असाल तर आतली हवा दाबून काढून मगच झाकण लावा. विमानात हवेचा दाब कमी होतो, आतली हवा फुगते आणि क्रीम झाकणातून बाहेर येतं. वाटेत विकत घ्यावं लागलं तर ट्यूबवरचं नीट वाचा: ब्रशशिवाय लावायचं क्रीमही तशाच ट्यूबमध्ये मिळतं आणि ते कितीही घोटलं तरी फेस देत नाही.

वाटी सोबत नको, फेस चेहऱ्यावरच करा. कोमट पाण्याने मिनिटभर चेहरा ओला ठेवा; पाणी गारच असेल तर दोन-तीन मिनिटं, कारण खुंट मऊ व्हायला वेळ लागतो. ब्रश भिजवून दोन-तीन झटके द्या, मध्यावर क्रीम घ्या आणि अर्धा मिनिट गोल फिरवा. सुरुवातीला पांढरा, कोरडा लेप दिसेल. तो फेस नव्हे, आणि बहुतेक जण इथेच थांबून रेझर उचलतात. ब्रशची फक्त टोकं पाण्यात बुडवा, पुन्हा घोटा; असं तीन-चार वेळा. हळूहळू लेपाला चकाकी येते, बुडबुडे दिसेनासे होतात, ब्रश उचलला की मऊ शेंडी उभी राहते आणि किंचित कलते. एवढं झालं की पुरे. ब्लेडमध्ये जाड गोळे अडकत असतील तर पाणी कमी पडलंय; डोळ्यांना दिसणारे मोठे बुडबुडे आले आणि पातं कातडीला करकरत गेलं तर पाणी जास्त झालंय. तेव्हा थोडं क्रीम आणखी घ्या, पुसून नव्याने सुरू करायची गरज नाही. अनोळखी आरसा, अपुरा दिवा, नवं पाणी अशा ठिकाणी एक सुलटा हात (केसांच्या दिशेने) आणि एक आडवा पुरे. उलटा हात (केसांच्या विरुद्ध) घरी परतल्यावर.

प्रवासात विमान नसेल तर रेझर तीन भागांत सुटणारा न्या. वरच्या पाकळ्या फिरकीने उघडणारा रेझर बॅगेत दबला की त्याच्या बिजागऱ्या वाकड्या होतात, त्यात साकाही अडकतो. चालत्या गाडीत मात्र रेझर हातातसुद्धा घेऊ नका. पाच ब्लेडचं एक पाकीट आठ दिवसांना भरपूर. वापरलेलं पातं लॉजच्या कचऱ्याच्या डब्यात मोकळं टाकू नका, उचलणाऱ्याचा हात कापतो. बऱ्याच पाकिटांना मागच्या बाजूला जुन्या पात्यासाठी फट असते, तिथेच सरकवा.

आणि विमान: केबिन बॅगेत सुटं ब्लेड किंवा ब्लेड लावलेला सेफ्टी (दुधारी ब्लेडचा) रेझर चालत नाही. ब्लेड नसलेला रेझरही तपासणीत काढून ठेवायला लावू शकतात, वाद घालण्यात वेळ जातो. तुमच्याकडे केबिन बॅगच असल्याने ब्रश आणि क्रीम घरचं न्या, रेझर मात्र कार्ट्रिजचा किंवा वापरून टाकायचा. चांगला फेस असेल तर तोही बरी दाढी करतो, फक्त दर दोन हातांनी विसळा. स्टँडजवळच्या सलूनमध्ये बसायची वेळ आलीच तर न्हावी वस्तऱ्यात अर्धं पातं घालतो. ते तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढून मोडायला सांगा.

तुरटीचा खडा न्यावासा वाटेल, न्या. पण दाढीनंतर ओल्या चेहऱ्यावर फिरवून अर्ध्या मिनिटात धुवा, खडा पुसून कोरडा करा आणि वेगळ्या डबीत ठेवा. रेझरसोबत ओला ठेवला तर धातूला डाग पाडतो.