मुंजीचे पैसे आणि पोकेमॉनची पेटी

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला मामला थोडक्यात असा. मुलगा १३ वर्षांचा, आठवीत. मुंजीतला आहेर, वाढदिवसाची पाकिटं, आजी-आजोबांनी वेळोवेळी हातावर ठेवलेल्या नोटा असे मिळून २१,००० रुपये त्याच्या नावावर साठले आहेत. वर्गातली मुलं पोकेमॉनचा कार्डांचा खेळ खेळतात आणि त्यालाही आता स्वतःचा पहिला डेक, म्हणजे खेळायला लागणारा कार्डांचा संच, बांधायचा आहे. त्यासाठी कार्डांच्या ३६ पाकिटांची (आत कोणती कार्डं निघतील ते फोडल्यावरच कळतं) सीलबंद पेटी घ्यायची म्हणतो, दुकानदाराने भाव सांगितलाय १८,५०० रुपये. मामा म्हणतात, ही तर गुंतवणूक आहे. मुलाचे बाबा म्हणतात, पत्त्यांवर पैसे उडवायचे नाहीत. ऐकायचं कोणाचं, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत सांगतो. डेक जरूर घेऊ द्या. पेटी मात्र अजिबात नको.

कारण या खेळाच्या नियमातच आहे. डेकमध्ये नेमकी ६० कार्डं लागतात, आणि साधी एनर्जी कार्डं (पोकेमॉनला हल्ल्यासाठी ऊर्जा देणारी) सोडली तर एका नावाची जास्तीत जास्त ४ चालतात. सुरुवातीला हातात ७ कार्डं येतात. एखादं कामाचं कार्ड डेकमध्ये एकच असेल तर ते पहिल्या ७ मध्ये यायची शक्यता जेमतेम १२ टक्के. तेच ४ असतील तर निदान एक तरी हाती येण्याची शक्यता ४० टक्क्यांवर जाते. म्हणून चांगला डेक म्हणजे थोडीच नावं, पण प्रत्येकाच्या तीन-तीन, चार-चार प्रती. उदाहरणार्थ, ड्रॅगापल्ट ईएक्स या पोकेमॉनभोवती बांधलेला डेक बघा. ड्रीपी, त्यातून ड्रॅक्लोक, त्यातून ड्रॅगापल्ट अशी पायरीपायरीने त्या पोकेमॉनची वाढ होते. खेळणारे साधारण ४ ड्रीपी, ४ ड्रॅक्लोक आणि ३ ड्रॅगापल्ट ठेवतात. उरलेल्या डेकमधला निम्म्याहून अधिक भाग ट्रेनर कार्डांचा, म्हणजे कार्ड शोधून देणारी, ओढून देणारी, समोरच्याचा डाव मोडणारी कार्डं.

आता पेटीचा हिशेब बघा. एका पाकिटात १० कार्डं, म्हणजे ३६ पाकिटांत ३६०. आकडा मोठा वाटतो. पण त्यात ढीगभर निघतात ती सर्वसाधारण कार्डं, आणि हवं ते ड्रॅगापल्ट निघेलच याची हमी कोणी देत नाही, मग तीन निघणं तर दूरच. १८,५०० घालूनही मुलाच्या हातात खेळण्याजोगे ६० येतील असं मला वाटत नाही. मग उरलेल्यांसाठी पुन्हा सुटी कार्डं विकत घ्यायची, म्हणजे एकाच डेकसाठी दोनदा खर्च. आणि पेटीतून सरासरी किमतीहून जास्त माल निघत असता तर दुकानदारानेच ती फोडून कार्डं सुटी विकली असती. तो ती सीलबंद विकतोय, यातच काय ते आलं.

पहिला डेक तयारच घ्यावा. लीग बॅटल डेक नावाने मिळतो, त्यात खेळायला सज्ज असे ६० पत्ते असतात. तुम्हाला त्याचा भाव ३,४०० रुपये सांगितलाय. वर प्लास्टिकची कव्हरं आणि आठ-दहा सुटी कार्डं यांना १,६०० धरा. ५,००० रुपयांत मुलगा मित्रांसमोर मान वर करून बसेल. सुटी कार्डं निवडायची ती आधी महिनाभर खेळून, कुठे अडतंय ते कळल्यावर. नवखी मुलं हमखास जी चूक करतात ती म्हणजे आवडते पोकेमॉन एकेक करून भरणं आणि एनर्जी खच्चून घालणं. तो मोह पैशाने सुटत नाही, डाव खेळूनच सुटतो.

सुटं कार्ड घेताना एक गोष्ट त्याला नीट समजावा, कारण खरा पैसा इथे वाचतो. एकच ड्रॅगापल्ट ईएक्स साध्या छपाईत मिळतो आणि विशेष चित्राच्या दुर्मिळ छपाईतही. दोघांचा एचपी, म्हणजे मार सोसण्याची ताकद, ३२०, हल्ले अक्षर न् अक्षर तेच, स्पर्धेत दोन्ही सारखेच चालतात. किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक. खेळायला साधंच घ्यायचं. चित्र आवडलं म्हणून महागडं घेण्यात गैर काही नाही, पण तो संग्रहाचा खर्च झाला, डेकचा नव्हे. या दोन खर्चांचे खिसे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.

मामांच्या म्हणण्याकडे येतो. १९९९ च्या पहिल्या आवृत्तीचं, सर्वोच्च दर्जाचं चारिझार्ड या पोकेमॉनचं कार्ड मार्च २०२२ मध्ये लिलावात ४,२०,००० डॉलरला गेलं, हे खरं आहे. पण ते तिथवर पोचलं कशामुळे? त्या काळच्या मुलांनी कार्डं खिशात कोंबली, रबरबँड लावले, शाळेच्या पायऱ्यांवर घासली. कोरी करकरीत राहिली ती फार थोडी. आज प्रत्येक मूल कार्ड निघताक्षणी कव्हरात घालतं, आणि कंपनी छापतेय किती? मार्च २०२५ पर्यंत जगभरात ७५ अब्जांहून जास्त पोकेमॉन कार्डं छापून झाली आहेत, त्यातली १० अब्जांच्या वर एकट्या शेवटच्या वर्षात. इतक्या पुरवठ्यात तुमच्या पेटीतलं कार्ड उद्या लाखाचं होईल या आशेवर मी कुणाच्याही मुलाचे पैसे लावू देणार नाही. विकायची वेळ आली तर दर्जा ठरवून घ्यायला ते परदेशी पाठवावं लागतं, त्याचं शुल्क, जाण्यायेण्याचा खर्च, विमा, शिवाय गिऱ्हाईक शोधायचं ते वेगळंच. व्याज नाही, लाभांश नाही. गुंतवणुकीच्या रकान्यात हा खर्च मी लिहिणार नाही.

बाबांचं म्हणणंही मला पूर्ण पटत नाही. डेक बांधणं म्हणजे शक्यता मोजणं, मर्यादित जागेत काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते ठरवणं, हरल्यावर दोन कार्डं बदलून पुन्हा बसणं. क्रिकेटच्या शिबिराची फी आपण परत मिळेल म्हणून भरत नाही, तसाच हा छंदाचा खर्च आहे आणि तो चांगल्या छंदाचा आहे. बाबांची भीती जिथे खरी आहे ती जागा म्हणजे पाकीट फोडणं. ‘पुढच्यात निघेल’ ही ओढ लॉटरीच्या तिकिटासारखीच काम करते, आणि १३ व्या वर्षी तिच्यावर लगाम घालणं अवघड असतं. म्हणून पाकिटं सणासुदीला, वाढदिवसाला एक-दोन, मजेसाठी. डेक बांधण्यासाठी कधीच नाही.

तर २१,००० ची विभागणी अशी सुचवतो. ५,००० डेकला. वर्षभर महिन्याला ३०० प्रमाणे ३,६०० कार्डांच्या खिशात, महिना संपायच्या आत खिसा रिकामा झाला तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं. उरलेले १२,४०० वर्षभराच्या मुदत ठेवीत. दहा वर्षांवरील मुलांना बचत आणि मुदत ठेवीचं खातं स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे. तुमच्या बँकेची त्यासाठीची मर्यादा विचारा आणि सही त्यालाच करू द्या. वर्षाने ठेव मोडून पेटी घ्यायची की सायकल, हे तो त्या वेळी ठरवील, आणि ते पैसे त्याचे असल्याने तेव्हा आपण आडवं येऊ नये.

एक पैसाही खर्च करण्याआधी त्याला पोकेमॉन टीसीजी लाइव्ह हे याच कार्डांच्या खेळाचं मोफत ॲप तुमच्या देखरेखीखाली खेळू द्या. सुरुवातीचे धडे संपवले की तयार डेक मिळतात, त्यावरून कुठला प्रकार त्याला रुचतो ते कळेल. घरी सरावासाठी हवी ती कार्डं कागदावर छापून घेतली तरी चालतात, अधिकृत स्पर्धेत तेवढी चालत नाहीत.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी बघा. स्टेशनरीच्या दुकानांत सोनेरी प्लास्टिकची जी पोकेमॉन कार्डं टांगलेली असतात ती नकली, खेळात त्यांचा उपयोग शून्य. अस्सल कार्डाच्या कडेला निरखून पाहिलं तर दोन पांढऱ्या थरांमध्ये बारीक काळसर रेघ दिसते. दुसरं, कार्डाच्या खाली डाव्या कोपऱ्यात चौकटीत एक इंग्रजी अक्षर असतं. दरवर्षी साधारण मार्च-एप्रिलच्या सुमाराला जुन्या अक्षराची कार्डं मुख्य स्पर्धाप्रकारातून बाद होतात, एप्रिल २०२५ मध्ये ‘एफ’ची झाली. तेच कार्ड नव्या अक्षरासह पुन्हा छापलं गेलं असेल तर जुनी प्रतही चालते, रेअर कँडी या ट्रेनर कार्डासारखी कार्डं त्यामुळे वर्षानुवर्षं पुरतात. तयार डेक घेताना दुकानदाराला आतल्या मुख्य पोकेमॉनचं अक्षर कोणतं ते विचारा. खरेदी फेब्रुवारी-मार्चात पडत असेल तर बदल जाहीर होऊन लागू होईपर्यंत थांबा, तोवर ॲप आहेच.