पाय घालण्याआधी

प्रिय मित्रा,

लुसिओचे व्हिडिओ बघून तू बॉल घेऊन वर पळायला लागला आहेस. हरकत नाही. पण ब्राझीलच्या या सेंटर बॅककडून, म्हणजे मधल्या बचावपटूकडून, आधी शिकायचं ते वेगळंच. 2006च्या विश्वचषकात त्याने सलग 386 मिनिटं एकही फाउल केला नाही. पहिले चार सामने पूर्ण, शिवाय फ्रान्सविरुद्धची 26 मिनिटं. तेही 1.88 मीटर उंचीच्या धिप्पाड गड्याने!

तू स्ट्रायकरसमोर छाती सरळ ठेवून, टाचांवर उभा राहतोस. त्याने झुकांडी दिली की तुला वळायला वेळ लागतो आणि हात शर्टाकडे जातो. शिट्टी तेव्हा वाजते, चूक त्याआधीच झालेली असते. दीड-दोन मीटरवर थांब. अंग तिरकं, गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर. आतली वाट बंद कर, टचलाइनकडची, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेकडची, मोकळी ठेव. नजर बॉलवर, खांदे फसवतात. बॉल त्याच्या पायापासून हातभर सुटला तरच पाय घाल.

सरावाला 10 बाय 10 मीटरचा चौकोन आखून घे, समोर बॉल घेऊन एक जोडीदार. दोन्ही मुठींत एकेक जुना मोजा धरायचा. 20 सेकंदांच्या आठ फेऱ्या, मध्ये 40 सेकंद विश्रांती. मोजा खाली पडला, तर समज की हात शर्टाकडे गेला होता.

आता त्याची चूकही बघ. 2002, शिझुओका, इंग्लंडविरुद्ध उपांत्यपूर्व सामना, 23वं मिनिट. हेस्कीचा लांब पास लुसिओ मांडीवर घ्यायला गेला, बॉल उसळला आणि मागे टपलेल्या ओवेनने गोल केला. स्वतःच्या गोलकडे तोंड आणि खांद्याशी स्ट्रायकर असेल, तर तो बॉल अडवत बसू नकोस. सरळ बाहेर घालव. थ्रो-इन परवडतो. ब्राझीलने तो सामना 2-1 जिंकला, आणि नऊ दिवसांनी योकोहामाच्या फायनलमध्येही लुसिओ मैदानात होता. प्रशिक्षकाने त्याला बसवलं नाही, हे तुझ्या प्रशिक्षकालाही सांग.

राहिलं वर पळणं. त्या संघात त्याच्यासोबत एडमिल्सन आणि रोके ज्युनियर होते, पुढे जिल्बर्तो सिल्वा. तो गेला तरी मागे माणसं उरायची. तुमच्याकडे मागे दोघंच. म्हणून होल्डिंग मिडफिल्डर, म्हणजे बचावफळीच्या पुढे उभा राहणारा, तुझ्या जागी आला का बघ, समोर पंधरा मीटर रिकामे आहेत का बघ, मगच नीघ. मधल्या पट्ट्यात बॉल गमावलास, तर परत यायला तुला निदान सहा-सात सेकंद लागतील. तेवढ्यात गोल होतो.

2015 आणि 2016मध्ये तो प्रशिक्षक झिकोच्या हाताखाली एफसी गोवाकडून खेळला, तेव्हा पस्तिशी उलटलेली होती. ते सामने मिळाले तर बॉल सोडून फक्त त्याच्याकडे बघ.

पुढच्या सामन्यातले तुझे फाउल मिनिटांसकट लिहून पाठव.